सहा खाटांचा वॉर्ड

माझ्या आत्याच्या हाती लागलेल्या वस्तूला सुखानं मरता येत नाही, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांत एकमतानं मान्य झालेलं आहे. तिच्या नांदेडच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ सरळ टांगलं की बंद पडतं आणि तिरकं टांगलं की चालतं, म्हणून ते कित्येक वर्षं तिरकंच टांगलेलं आहे, आणि त्या घरात वेळ बघणारा माणूस मान एका खांद्यावर कलती करूनच बघतो. तिच्या छत्रीत मूळच्या छत्रीचा दांडा तेवढा उरला आहे. काड्या दुसऱ्या छत्रीच्या, कापड तिसऱ्या, आणि बटण तर चक्क एका टॉर्चचं. कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्यानं एकदा तिला हात जोडून सांगितलं, की बाई, आता यात चप्पल कमी आणि माझा दोरा जास्त झालाय. आत्यानं त्याच्यासाठी चहा मागवला, तो पिऊन होईपर्यंत इकडचं तिकडचं विचारलं, आणि चप्पल पुन्हा त्याच्यासमोर ठेवली.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आधी देगलूर, मग किनवटकडचं जंगलातलं आरोग्य केंद्र, आणि शेवटची वर्षं नांदेडचा मोठा दवाखाना. समोरच्याचा श्वास चालू आहे तोवर त्याला सोडायचं नाही, हे काम तिनं जन्मभर केलं. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन ती निघाली तेव्हा नोकरी दवाखान्यातच राहिली, पण सवय मात्र तिच्यासोबत रिक्षात बसून घरी आली. पहिले काही महिने ती सवय घरात नुसती येरझारा घालत होती. वाळलेलं गुलाबाचं खोड, शिट्टी विसरलेला कुकर, घसा बसलेला रेडिओ, एवढ्यावर कसंबसं भागत होतं. मग तिनं गाडी घेतली, आणि गाडीच्या पोटातून बॅटरी आली.

गाडी दवाखान्यातल्याच एका डॉक्टरांची. त्यांची बदली झाली होती. गाडी जुनी होती, छोटी होती आणि पांढरी होती. आत्याला या तिन्ही गोष्टी पसंत पडल्या. इतर बायका ज्या वयात गुडघ्यांचे व्यायाम शिकतात त्या वयात ही क्लच शिकायला निघाली. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस शेजारी बसून घाबरला की ती एका हातानं स्टिअरिंग सांभाळून दुसऱ्या हातानं त्याची नाडी धरायची आणि म्हणायची, "लई जोरात चालू राहिली तुमची. खोल श्वास घ्या." शेवटी तिला गाडी आली आणि त्याला ब्लड प्रेशर असल्याचं कळलं. आजही तो रस्त्यात दिसला की ती काच खाली करून गोळी घेतली का ते विचारते. किल्ली देताना डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की सिस्टर, गाडी ठणठणीत आहे, बॅटरी तेवढी बदलून घ्या, तिच्यात काही राहिलेलं नाही. त्यांची चूक एवढीच, की हे वाक्य त्यांनी आत्याला सांगितलं. 'यात काही राहिलेलं नाही' असं डॉक्टरांच्या तोंडून तिनं किती खाटांशेजारी ऐकलं असेल, आणि दर वेळी 'हो सर' म्हणून त्याच खाटेशी स्टूल ओढून बसली असेल. त्या दिवशीही ती 'हो सर' म्हणाली.

गाडीच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीला सहा बुचं असतात, हे मला आत्यामुळे कळलं. प्रत्येक बुचाखाली एक कप्पा, कप्प्यात शिशाच्या पट्ट्या, आणि त्या बुडतील एवढं ॲसिडचं पाणी. आत्याच्या लेखी तो सहा खाटांचा वॉर्ड होता. रोज सकाळी केस बांधून, हात धुऊन ती अंगणात यायची, बॉनेट उघडायची आणि राऊंड घ्यायची. एक नंबर ठीक. दोन, तीन ठीक. चार नंबरपाशी ती थांबायची, कारण चार नंबर हा जुना आणि हट्टी पेशंट होता. त्याचं पाणी लवकर खाली जायचं. "चार नंबरला रात्री झोप न्हाई लागलेली," असं ती घरात येऊन सांगायची, आणि नवखा पाहुणा असेल तर तो घाबरून विचारायचा, की घरात आणखी कोण आहे. तिच्याकडे एक काचेची नळी होती, पिचकारीसारखी. बुचातून तिनं पाणी ओढलं की आतला काटा तरंगत वर यायचा, आणि तो किती वर आला यावरून बॅटरीत किती दम आहे ते कळायचं. ही नळी ती लावण्याआधी थर्मामीटरसारखी झटकायची. झटकून काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिच्या हाताला ठाऊक नव्हतं.

पाणी द्यायचा दिवस पौर्णिमेचा. विहारातून वंदना करून ती पांढऱ्या साडीतच परत यायची आणि डिस्टिल वॉटरची बाटली घेऊन गाडीशी उभी राहायची. पाण्याला ती 'नीळ्ळू' म्हणायची. देगलूरच्या दवाखान्यात सीमेपलीकडून आलेल्या तेलुगू बायका बाळंत झाल्याबरोबर पहिला शब्द हाच उच्चारायच्या, आणि तहानलेल्या कुणालाही पाणी देताना आत्याच्या तोंडी तोच बसला होता. उन्हं गेलेली असायची, आभाळ अजून निळं असायचं, समोरच्या गच्चीच्या कठड्यावरून चंद्र हळूहळू वर यायचा. आत्या एकेका बुचात धार धरायची, इतकी बारीक की ती पडते आहे की नाही ते समजू नये. मी शेजारी नुसती उभी असायची. कॉलनीतले आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे, आणि आपण काहीतरी मोठं काम करतो आहोत असं मला उगाचच वाटत राहायचं. ॲसिडच्या थेंबांनी तिच्या पांढऱ्या साड्यांना बारीक भोकं पडली होती. त्या भोकांवर तिनं पांढऱ्याच दोऱ्यानं फुलं भरली होती, आणि विहारातल्या बायका तिला त्या नक्षीचं पुस्तक मागायच्या.

बाकीची सेवा वेगळीच. बॅटरीच्या तारा जिथं जोडतात त्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमते, ती गरम पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन काढायची. मग त्यावर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवायचं. जेलीची डबी घरात एकच होती. तिच्यातली जेली आधी टर्मिनलला आणि मग आत्याच्या टाचांना लागायची. थंडीच्या दिवसांत बॉनेटवर गोधडी असायची, तीही चारी बाजूंनी खोचलेली. एक शब्द मात्र त्या घरात जपून वापरावा लागायचा. दवाखान्यात 'डिस्चार्ज' म्हटलं की पेशंट हसतो, नातेवाईक पिशव्या भरतात, कुणीतरी पेढे वाटतं. बॅटरीच्या बाबतीत मात्र तोच शब्द मयताची बातमी सांगतो. आत्याला हे काही केल्या पटत नव्हतं. त्यामुळे बॅटरी उतरली की ती डिस्चार्ज न म्हणता 'जरा खालावली' असं म्हणायची.

तिच्या घराजवळच्या रस्त्यावर बॅटरीवाल्या चाचांचं दुकान होतं. चाचा दर काही महिन्यांनी बॅटरी तपासायचे, कपाळाला हात लावायचे आणि सांगायचे, "सिस्टर, इसमें जान नै अब. नयी डालो." आत्या विचारायची, "तुम्ही मागच्या उन्हाळ्यातबी हेच बोलले होते ना?" चाचा कबूल करायचे. "मग?" चाचा बॅटरी हळू चार्जिंगला लावायचे आणि आत्या बाकड्यावर बसून राहायची, अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक बसतात तशी.

पण तिच्या सगळ्या सवयींत मला आवडायची ती सकाळची. बॅटरी कामानं थकत नाही, बसून थकते, असा तिचा सिद्धांत होता, म्हणून गाडी कुठं जायची नसली तरी रोज थोडा वेळ सुरू करून ठेवायची. आत्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून आत बसायची. गाडी अंगणातच थरथरत उभी असायची, वर कडुनिंबाची पानं हलत असायची, आणि आत्या कुठंतरी जाऊन यायची. उतरल्यावर मी विचारायची, कुठं गेली होतीस? ती गंभीरपणे सांगायची, की देगलूरला. रस्ता बरा होता, पण बाजारामुळे गर्दी फार. कधी औशाला, आमच्या मूळ घरी. किल्ल्याच्या भिंतीवर गवत लई वाढलंय म्हणे. कधी किनवटला, पळस फुललाय. ती खोटं सांगते आहे असं कधी वाटलं नाही. शेजारच्या काकू तर कुंपणावरून सांगायच्या, की उद्या देगलूरकडं गेलात तर मिरची कशी आहे ते बघून या.

या बॅटरीचा आत्याला आणखी एक उपयोग होता. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, आणि आम्ही लातूरला असतो. मी तिथंच एका शाळेत शिकवते, आणि सुट्टी मिळाली की आत्याकडं जाते. आक्कानं आता एकटं राहू नये, लातूरला आपल्याकडं यावं, असा वडिलांचा धोशा होता. आत्या कधीही 'नाही' म्हणाली नाही. ती म्हणायची, येते की, पण बॅटरीला रोज कोण बघणार? गाडीसकट ये म्हटलं तर म्हणायची, तुमच्या लातूरला माणसांना पाणी पुरंना, माझ्या बॅटरीला कुठून देणार? शेवटी वडिलांनी एकदा लातूरहून नवीकोरी बॅटरी आणली आणि न बोलता तिच्या ओसरीवर ठेवली. आत्यानं तिच्यावरून हात फिरवला, खूप छान आहे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ती विहाराला देऊन टाकली. तिथला भोंगा लाईट गेली की बंद पडायचा. पुढच्या पौर्णिमेला वडील नांदेडलाच होते. लाईट गेली, आणि अंधारात त्यांच्याच बॅटरीवर वंदना स्पष्ट ऐकू येत राहिली. त्यांना रागावताही येईना. ते हात जोडून बसून राहिले.

आणि एक कडक नियम होता. गाडीला धक्का मारायचा नाही. बॅटरी कितीही खालावली तरी चालेल, तिला विश्रांती द्या, शेक द्या, पण धक्का नाही. कुणी मदतीला बाह्या सरसावून आलं तरी आत्या मागच्या काचेसमोर आडवी उभी राहायची.

मागच्या फाल्गुनात शाळेला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून मी नांदेडला गेले होते. सकाळी चहा होत होता आणि किनवटकडून फोन आला. तिथल्या आरोग्य केंद्रात आत्यासोबत एक आया होती. आत्या तिला आयाबाई म्हणायची आणि ती आत्याला शिस्टर. दोघींनी मिळून त्या भागातली कितीतरी बाळं या जगात आणली होती. आयाबाईचा नवरा आश्रमशाळेच्या वसतिगृहावर पहारेकरी होता. दिवाळीच्या सुमारास तो वारला होता. फोन तिच्या मुलाचा होता. तो म्हणत होता, "दवाखान्यात दाखिवलं शिस्टर, समदे रिपोर्ट चांगले हायेत. पण आई उठंना, बोलंना. भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हाती. चमच्यानं पाजावं लागतंय. लोक म्हणतेत, आता सोडा." आत्यानं एवढंच विचारलं, की घरासमोर गाडी उभी करायला जागा आहे का. मग फोन ठेवला आणि काचेची नळी घेऊन अंगणात गेली. आम्ही तासाभरात निघालो.

भोकर गेलं. हिमायतनगर मागं पडलं तसा दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला, पानं झडलेला, आणि मधूनच पळसाचं एखादं पेटलेलं झाड. पुढं रेल्वेचं फाटक बंद होतं. आत्या फाटकावर इंजिन कधीच बंद करत नाही. पण आगगाडी येईना, ऊन तापलेलं, इंजिनच्या उष्णतेचा काटा वर वर जायला लागला, आणि तिला नाइलाजानं किल्ली फिरवावी लागली. यथावकाश एक मालगाडी गेली, डब्यामागून डबे, सगळं जंगल तिच्या तालावर हलल्यासारखं. फाटक उघडलं. आत्यानं सेल्फ मारला. आतून एक दमलेला आवाज आला आणि मग नुसतं टक्.

मागं लग्नाला निघालेल्या माणसांची जीप होती. पाच-सहा जण उतरले, फेटे काढून बॉनेटवर ठेवले, आणि धक्का मारायला आले. आत्यानं त्यांना हात जोडून पुढं पाठवलं. त्यांना वाटलं ही बाई उन्हानं भ्रमली. मग तिनं बॉनेट उघडलं, थर्मासमधलं गरम पाणी टर्मिनलवर ओतलं, ब्रशनं घासलं, पुसलं, जेली लावली. "आता पडू दे तिला जरा," म्हणाली, आणि आम्ही रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो.

तो वेळ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. मोहाचं एखादं फूल मधूनच टपकन पडायचं आणि त्याचा गोड, जड वास यायचा. सागाचं वाळलेलं पान वाऱ्यानं दोन उड्या मारून थांबायचं. गाडी बॉनेट उघडं टाकून, एखादी म्हातारी आ वासून झोपावी तशी झोपली होती, आणि आत्या तिच्याकडे बघत हळू आवाजात बोलत होती. आरोग्य केंद्राला तेव्हा एक जीप होती. ती धक्क्याशिवाय कधीच सुरू झाली नाही. अडलेली बाई आत, आत्या तिचा हात धरून आत, आणि बाहेर आयाबाई. चिखल असो, ओढा असो, ती पदर खोचून कमरेनं जीप ढकलायची. हातानं नाही, कमरेनं. ड्रायव्हर म्हणायचा, की आयाबाईची कंबर लागल्याशिवाय ही हलतच नाही. "त्या धक्क्यापायी एखादी बाई वाटंतच जाईल, अशी भीती वाटायची गं," आत्या म्हणाली. "तवाच ठरविलं व्हतं, आपली गाडी झाली तर तिला धक्का लागू द्यायचा न्हाई." मग ती उठली, गाडीत बसली, एक क्षण डोळे मिटले आणि सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. आत्या माझ्याकडे बघून हसलीसुद्धा नाही. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं.

आयाबाईचं घर गावाच्या कडेला होतं, पुढं थोडा उतार, मग चिंचेचं झाड. आत्यानं गाडी घरासमोर लावली. आत खाटेवर आयाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढीशी झाली होती. आत्या खाटेशी बसली, तिचं मनगट हातात घेतलं. हाक नाही, समजूत नाही. मधेच एकदा गाडीतून चष्मा आणते म्हणून बाहेर गेली आणि पुन्हा येऊन तशीच बसली. सुनेनं आम्हाला भाकरी, अंबाडीची भाजी वाढली. मी हात धुवायला बाहेर आले तेव्हा पाहिलं, तर भर उन्हात गाडीचे पुढचे दिवे चालू होते. उन्हात ते फिके, आजारी दिसत होते. घरात शून्याचा बल्ब जळत राहिला तरी उठून तो बंद करणारी माझी आत्या. मी धावत आत येऊन तिला सांगितलं. तिनं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "राहू दे. तू जेव."

मला वाटलं, आत्या आता खरंच म्हातारी झाली. जेवणं झाली, चहा झाला, ऊन उतरायला लागलं. मग आत्या उठली, बाहेर जाऊन गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. मुलगा आणि दोन शेजारी लगेच धक्का द्यायला सरसावले. आत्यानं त्यांना हातानंच थांबवलं, आत आली, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "आयाबाई, जीप बंद पडली."

खाटेवर काही हललं नाही.

"पेशंट आत हाय. मी गाडीत बसते. मागं कुणी न्हाई."

बराच वेळ गेला. सून पदर तोंडाला लावून उभी होती. मुलगा खाली बघत होता. मला वाटलं आता आत्यानं थांबावं, हे बघवत नाही. आणि भिंतीकडून एक आवाज आला, गंजलेला, इतके दिवस न वापरलेला.

"उतार कोन्या अंगाला हाय?"

"चिंचंकडं," आत्या म्हणाली.

आयाबाई कुशीवर वळली. उठायला तिला फार वेळ लागला. सुनेनं धरलं तर तिचा हात बाजूला केला, मग पुन्हा तिनंच धरला. दारापर्यंत आली, उन्हाला डोळे मिचकावले, पदर खोचला, आणि गाडीच्या मागं जाऊन कंबर लावली. हातानं नाही, कमरेनं. आता खरं सांगायचं तर गाडी आम्ही ढकलली, मुलानं, शेजाऱ्यांनी आणि मी. पण आयाबाईची कंबर लागली आणि गाडी हलली, एवढंच मी पाहिलं. उतारावर गाडीनं दोन आचके दिले आणि चिंचेखाली इंजिन सुरू झालं. आयाबाई धापा टाकत मागोमाग आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती रागावली होती. "शिस्टर," ती म्हणाली, "इतका पगार खाल्ला, येक बॅटरी बदलाया येत न्हाई व्हय?"

इंजिन बंद करायची सोय नव्हती, म्हणून आत्या गाडीतच बसून राहिली. सुनेनं ताट बाहेर आणलं. आयाबाई गाडीच्या उघड्या खिडकीवर कोपर टेकून उभी राहिली, आणि आत्यानं आतून एकेक घास तिच्या हातात दिला. गाडी थरथरत होती, त्यावर दोघींचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. नवऱ्याचं बोलत असाव्यात. आयाबाई मधेच रडायची आणि मधेच खायची. चिंचेची सावली गाडीच्या पलीकडे जाईपर्यंत त्या दोघी तशाच होत्या.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, की दिवे तू मुद्दाम चालू ठेवले होतेस ना? सागामागं सूर्य लाल होऊन आमच्याबरोबर पळत होता. "वॉर्डात एकच सलाईन असलं," आत्या म्हणाली, "तर कुणाला लावायचं, ते सिस्टरला ठरवावं लागतंय."

इतकी जुनी बॅटरी पार रिकामी झाली की पुन्हा उभी राहत नाही, हे तिला दिवे लावतानाच माहीत होतं. तरी तिनं शेक दिला, सोडा लावला, नळी झटकून झटकून बघितली. चार नंबरनंतर पाच नंबरही गेला. शेवटी तिनं बॅटरी फडक्यात गुंडाळून रिक्षातून चाचांकडे नेली. इतकी वर्षं 'नयी डालो' म्हणणारे चाचा त्या दिवशी बॅटरीकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "रैने दो सिस्टर, और एक बार लगाके देखते." आत्यानं मान हलवली. "नको चाचा. लई केलं तिनं."

नवी बॅटरी आली ती बंद पेटीसारखी. तिला बुचं नाहीत, पाणी लागत नाही, बघायला काहीच नाही. पौर्णिमेला आत्या सवयीनं बाटली घेऊन गाडीशी आली आणि बॉनेट उघडून जरा वेळ उभी राहिली. मग ते पाणी तिनं कडुनिंबाला घातलं. सकाळी आता सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते, आणि आत्या दचकल्यासारखी स्टिअरिंगकडे बघते, एखाद्यानं आपलं वाक्य मधेच पुरं करावं तशी.

परवा मी नांदेडला होते. मी गाडी सुरू करून बसले होते, आत्या अंगणात होती, आणि तिचा फोन वाजला. आयाबाई होती, आणि फोन स्पीकरवर असल्यानं तिचा आवाज मला उघड्या काचेतून ऐकू येत होता, आता चांगलाच खणखणीत झालाय. विचारत होती, की ती तुमची गाडी अजून तशीच हाय का, का बदलली बॅटरी?

"न्हाई गं, तशीच हाय," आत्या म्हणाली. "कुणी मागून कंबर लावल्याबिगर हलतच न्हाई. तू कधी येतीस?"

आणि इंजिनचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून तिनं मला हातानं खूण केली, बंद कर.